मोबाइलमधल्या बाईंना रस्तेसांग्यांचं अनावृत पत्र

बाई,
स.न.वि.वि.

हिंगोली जिल्ह्यात पारावर, पानटपरीवर आणि एसटी स्टँडाबाहेर बसून वाटसरूंना रस्ता सांगणाऱ्या समस्त रिकामटेकड्यांच्या वतीनं हे पत्र. तुम्ही आमच्या पोटावर नाही, पण तोंडावर पाय दिलात.

पूर्वी औंढ्याच्या नागनाथाला निघालेला माणूस गाडी थांबवून काच खाली करायचा. आम्ही आधी त्याचं गाव विचारायचो, मग कुणाकडं चाललात, मग चहा आणि सर्वांत शेवटी रस्ता. 'हे काय, इथंच' म्हटलं की त्यात आठेक किलोमीटर सहज मावायचे. आता तो 'पाचशे मीटरवर डावीकडे वळा' ऐकत सुसाट जातो. वळल्यावर खरंच नागनाथ लागतो, हे तर त्याहून वाईट.

1 मे 1999 ला परभणीतून आमचा जिल्हा निघाला आणि पुढच्याच मे महिन्यात अमेरिकेनं तुम्हाला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांच्या जीपीएस यंत्रणेत मुद्दाम ठेवलेली खोट काढून टाकली. तोवर साध्या माणसाच्या यंत्रात शंभरेक मीटरचा घोळ असे. आमच्यापेक्षा बरं, पण निदान माणुसकीला धरून!

रेंज गेली की गप्प बसाल, ही आशाही फोल ठरली. फोनला उपग्रहांचं नुसतं ऐकायचं असतं, त्याला टॉवर लागत नाही. नकाशा आधी उतरवून घेतला की तुम्ही सेनगावच्या माळावरही बोलता.

गाडी कुठं आहे ते मालकाला कळवणाऱ्या जीपीएसच्या डबीचं तर विचारू नका. वसमतला हळद घेऊन निघालेला टेम्पो ढाब्यावर उभा करून 'पंक्चर काढतोय, मालक' म्हणायची सोय गेली. चोरीला गेलेली गाडी हीच डबी शोधून देते. 2019 पासून नव्या बस-टॅक्सींना ती आणि संकटाचं बटण सक्तीचं आहे. पण या पत्राला ते सोयीचं नाही, म्हणून सोडून देतो.

शिकलेली पोरं सांगतात, वीस हजार किलोमीटरवरच्या तुमच्या उपग्रहांतली घड्याळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढं पळतात. आइन्स्टाइनचं गणित लावून ती सावरली नाहीत, तर दिवसभरात दहा किलोमीटरची चूक साठेल. त्याच आइन्स्टाइननं भाकीत केलेल्या गुरुत्वलहरी टिपायला औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं 2023 मध्ये मंजुरी दिली. म्हणजे आता तुमचं माहेरही आमच्याच जिल्ह्यात!

मात्र नकाशावरच्या तुमच्या फिरत्या बाणाचा दिमाख आम्हाला नको. संत नामदेवांना देवळामागं कीर्तन करायला लावलं, तेव्हा औंढ्याचं अख्खं देऊळ फिरलं, अशी आमच्याकडची कथा आहे.

राहता राहिली आमची गरज पडेल अशी एक जागा. कयाधूला पूर आला की नळकांडी पुलावरून पाणी जातं आणि तुम्ही बेधडक 'सरळ चला' म्हणता. पाणी गुडघ्याएवढं की कमरेएवढं, ते उपग्रहाला कसं कळणार? तेवढ्यापुरतं 'पुढं माणसं बसलीत, त्यांना विचारा' म्हणत जा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रस्तेसांगे, हिंगोली
(लोकेशन तुमच्याकडं आहेच.)