आज आवतन घ्या

पोळ्याचा आदला दिवस, म्हणजे खांदमळण. ऑगस्ट २०२५. पावसानं जरा उघडीप दिली होती. आमच्या आणि सिस्टरच्या घराच्या मधोमध अर्धी भिंत आहे. पुढं सिमेंट पुरलं नाही म्हणून अर्धा पऱ्हाट्यांचा कूड. भोकरच्या आमच्या गल्लीतल्या बातम्या या कुडातूनच येतात-जातात, पेपरवाला उगाच सायकल मारतो.

पलीकडं शेजारचे काका पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावत होते. लावून झाल्यावर रिवाजाप्रमाणं बैलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

तेवढ्यात आशाताई, म्हणजे आमच्या गल्लीच्या आशा स्वयंसेविका, खांद्यावरची पिशवी सावरत आल्या. माझी लेक बाळंतपणाला आलेली, नातीचा चौदावा दिवस. काकांचं ऐकून त्या तिथंच थबकल्या आणि खुदकन हसल्या.

"काका, हे आवतन मला लई वळखीचं वाटायलंय."

"ते कसं ग?"

"दोन हजार तेवीसच्या दिवाळीआधी आम्हाला बी आलतं की! अठरा ऑक्टोबरपासून संपावर होतो. एक नोव्हेंबरला आरोग्यमंत्री तानाजी सावंत म्हणले, सात हजार वाढवतो, वर दिवाळीला दोन हजार. आम्ही खुश. गल्लीत पेढे बी वाटले मी."

"मला एकच दिलता," काकू आतून ओरडल्या.

"काकू, शासन निर्णय निघाला की दुसरा देणार होते. तो काही निघंना. जानेवारीत पुन्हा संप, फेब्रुवारीत नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबई. आझाद मैदानावर ताडपत्री अंथरून बसलो. तेरा मार्चला मंत्रिमंडळानं ठरवलं तेव्हा साताचे पाच झालते."

"पण नोव्हेंबरपासून धरून देले ना?" सिस्टर कुडाला टेकत म्हणाल्या. सिस्टर सरकारी दवाखान्यात पर्मनंट. त्यांचं बोलणं नेहमी असं दोन्ही बाजूंनी इस्त्री केलेलं.

"हाव, देले की. नाही कशाला म्हणू? राज्याचे पाचाचे दहा झाले. पण सिस्टर, तुमचा पगार वाढला तर तुम्ही तारीख विचारता. आम्ही महिना विचारतो."

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून काटा काढला, झोळी अडकवली. नातीला अलगद आत ठेवून काटा डोळ्यांसमोर धरला. पोरीनं एक पाय झोळीबाहेर काढून हवेत लाथ मारली. काटा हलला, आशाताई थांबल्या. पाय आत घातला, पुन्हा थांबल्या. "तीन किलो शंभर. चांगलं भरायलंय लेकरू."

"या एका फेरीचे काय मिळतात ग?" काकूंना हिशोबात भारी रस.

"एका फेरीचे नसतात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सहा फेऱ्या झाल्या की मिळून अडीचशे."

काकूंनी बोटं मोजली. "म्हणजे एका फेरीला एक्केचाळीस रुपये आणि वर चिल्लर! आमच्या गड्याला सांगितलं तर बांधावरूनच माघारी जाईल."

काकूंची सून ओसरीवर बसून ऐकत होती. ती पण नर्स, पण कंत्राटी. एकोणीस तारखेपासून त्यांचा संप. भर पावसाळ्यात तिला अशी घरी बसलेली बघायची कुणालाच सवय नव्हती.

"आमचं बी आवतनच आहे," ती म्हणाली. "चौदा मार्च दोन हजार चोवीसचा निर्णय हातात आहे. दहा वर्षं झालेल्यांना कायम पदांवर सामावून घेणार. कागदाला दीड वर्ष होत आलं, आम्ही अजून पंगतीच्या बाहेर."

मला आपलं मजेशीर वाटलं. माझ्या लेकीचं बाळंतपण केलं सिस्टरनं, नातीला जन्मल्यावर पहिली लस टोचली या सुनेनं, आणि घरी येऊन वजन घ्यायल्या आशाताई. लेकरू एकच. पण पहिलीला मिळतो पगार, दुसरीला मानधन आणि तिसरीला मोबदला. मी तसं बोलून दाखवलं.

"मान फक्त मधलीच्या पैशात आहे, आणि तिलाच तो मिळंना," काकू म्हणाल्या. सून बी हसली.

सिस्टरना राहवलं नाही. "पगार आहे हो, पण पेन्शन? मी लागले दोन हजार सातला. एक नोव्हेंबर दोन हजार पाचनंतरच्यांची जुनी पेन्शन बंद. तेवीसच्या मार्चात सात दिवस संप केला तेव्हा कुठं सरकार हललं."

"दोन हजार पाच?" आशाताईंनी डायरीतून मान वर केली. "म्हणजे तुमची पेन्शन गेली त्याच वर्षी आमची योजना आली. एप्रिलात आरोग्य अभियान आलं, नोव्हेंबरात तुमची पेन्शन गेली. तुम्ही पेन्शन कोणती म्हणून भांडता. आम्ही कर्मचारीच नाही, स्वयंसेविका. म्हातारपणी बी स्वयंसेवाच."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग काकाच म्हणाले, "पण बाई, भोशीला मात्र तुम्ही लोकांनी कमाल केली होती."

खरंच होतं ते. २०२१ साली आपल्याच तालुक्यातल्या भोशीत ११९ जण पॉझिटिव्ह निघाले. गावानं ठरवून त्यांना आपापल्या शेतात राहायला धाडलं. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी शेड. आणि आशाताई, अंगणवाडीताई रोज बांधाबांधानं फिरून विचारपूस करायच्या. गाव सुटलं त्यातून. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा इथल्या बायांनी एकमेकींना फोन करून सांगितलं होतं.

"गौरव झाला की," आशाताई म्हणाल्या. "पर किराणावाला गौरव घेत नाही."

"आता केंद्रानं पण दोन हजाराचे साडेतीन केलेत म्हणे. पेपरात होतं," सिस्टर म्हणाल्या.

"पेपरात मी बी वाचलं. खात्यात वाचलं की पेढे आणते. काकूंना या टायमाला दोन."

त्यांनी डायरीत वजन लिहिलं, लेकीला बाळाची टोपी काढू नको म्हणून दटावलं आणि पिशवी खांद्याला लावली. अजून तीन घरं होती, त्यातलं एक पार स्टेशनच्या पलीकडं.

काकांनी हात पुसत हाक मारली. "आशाताई, उद्या पोळा. पुरणपोळी खायला या बरं."

त्या फाटकापाशी वळल्या.

"उद्या म्हणजे उद्याच ना, काका?"