डबल डायवाले काका

एडिसनच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'डबल डायवाले काका' म्हटलं की पुरे. निवृत्तीनंतर ते मुलाकडे न्यू जर्सीत आले आणि त्यांना करमेना. मग बँकेतून सेंटच्या पुड्या आणायच्या, पुडीतली पन्नासच्या पन्नास नाणी भिंगाखाली धरायची आणि सगळी बँकेला परत करायची, हा उद्योग सुरू झाला. काउंटरवरच्या बाईंना वाटतं, बिचाऱ्याला मोजायला आवडतं.

फिलाडेल्फियाची टाकसाळ तिथून तास-दीड तासावर. तिच्यावर काकांचा फार जीव. १९५५ साली तिथे ठसा घडवताना मूळ छाप दुसऱ्या दाबाला किंचित फिरून बसली. त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक सेंटवर साल आणि 'लिबर्टी' चक्क दोनदा उमटलं. ठसा म्हणजे डाय, म्हणून हा 'डबल डाय'. चूक ध्यानात येईपर्यंत वीसेक हजार नाणी बाकीच्या ढिगात मिसळली होती. त्यातली बरीच सिगारेटच्या पाकिटात घातलेल्या सुट्ट्या पैशांतून लोकांच्या हाती पडली. आज एकेक हजार डॉलरच्या वर जातं. काका तेव्हा सांगलीत बिगरीत होते, आणि सुपारीचंही व्यसन नाही. तरी हळहळतात, "त्या वर्षी एक पाकीट घ्यायला हवं होतं रे!"

कुणाकडे जेवण असलं की कुणीतरी खिशातून सेंट काढतंच. काका तो कडेने धरतात (मधे बोट लावणाऱ्याला त्यांच्याकडे पुन्हा चहा नाही), दिव्याखाली तिरका करतात, भिंग डोळ्याला लावतात. वरण निवतं. मग, डॉक्टरांनी "काही नाही, गॅस आहे" म्हणावं तशा सुरात निकाल येतो, "मशीन डबलिंग!"

पुढे ऐकावंच लागतं. "ठशातच दोनदा असेल तर अक्षर जाड होतं. दोन्ही उठाव गोलसर, टोकाशी खाच. हे बघ, इथे काठ दबून चपटी पायरी झालीय. पाडताना ठसा सैल होता, हलला, धातू चेपला. मूळ अक्षर उलट बारीक झालं! किंमत? एक सेंट."

एका बारशाला जुळ्यांची नाकं निरखून काका "अस्सल!" म्हणाले. आई सुखावली, कुणीच खुलासा केला नाही.

काकूंनी मात्र एकदा वाटीभर जुने सेंट काळे दिसतात म्हणून चिंचेने घासले. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत. काका आठवडाभर काकूंशी खुणांनी बोलत होते.

मध्यंतरी एका हौशी पोराने चांगले पैसे मोजून १९५५ चा सेंट मागवला. शेवटच्या पाचाला सावली होती. काकांनी भिंग उचललंसुद्धा नाही. "गरिबाचा डबल डाय! ठसा झिजला की असं होतं." पोरगा पडेल चेहऱ्याने घरी गेला, काका मात्र दोन पोळ्या जास्त जेवले. खरं नाणं सापडण्यापेक्षा दुसऱ्याचं खोटं ठरवण्यातच त्यांना जास्त गोडी असावी, असा माझा संशय आहे.

एडिसनला गेलात तर तुमचा सेंट काकांना अवश्य दाखवा. फक्त जेवण झाल्यावर दाखवा, आणि १९५५ चा असला तर शेवटचा पाच सोडून बाकीचे आकडे आधी तपासा.