जुन्या जर्मनीची शेवटची नागरिक

एखाद्या देशात जन्म काढलेला माणूस त्या देशाकडे फारसं लक्ष देत नाही. तरुणपणी तिथं जेमतेम वर्षभर राहून आलेला माणूस मात्र त्यावर मरेपर्यंत अधिकारवाणीनं बोलतो. मी त्यातली. 1992 साली कंपनीनं प्रशिक्षणाला श्टुटगार्टला धाडलं, आणि तेव्हापासून 'जर्मनीत असं नसतं' हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उच्चारलं गेलंय की मुलांनी ते म्हणींत जमा करून टाकलं. निवृत्तीनंतर नवऱ्याला घेऊन पुन्हा तिथं गेले. तो पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे त्याला सगळं दिसत होतं. मला फक्त बदललेलं तेवढंच दिसत होतं.

शनिवारी दुपारी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. "चल, दोनला दुकानं बंद होतील." आमच्या वेळी कायदाच होता. रोज साडेसहाला शटर खाली, गुरुवारी साडेआठपर्यंत सवलत, शनिवारी दोनला कारभार आटोपला. पाव-दूध आणायचं राहिलं की सोमवारपर्यंत बिस्किटं. धापा टाकत पोचलो, तर दुकानातली मुलगी म्हणाली, रात्री दहापर्यंत उघडं आहे. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. रविवारी मात्र सगळं कडेकोट बंद निघालं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

श्टुटगार्टकरांचं खरं कुलदैवत झाडू. तिथं 'केअरवोखं' नावाची पद्धत आहे: इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीनं जिना झाडून-पुसून काढायचा. दारावर पाटी लटकली की तुमची पाळी. आठवडा सरला की पाटी शेजारच्या दाराला. याची थोरली आवृत्तीही असते, त्यात तळघर आणि रस्त्याची कडा येते. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या मला पाळ्या नव्या नव्हत्या. पण आमच्याकडे झाडायला आधी केर लागायचा. इथं तशी अट नव्हती. माझं काम झालं की घरमालकीणबाई कठड्याच्या खालच्या अंगानं बोट फिरवून बघत. वरून कुणीही पुसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या घरी जाऊन आलो. बाई केव्हाच गेल्या. जिना आता बाहेरचे सफाईवाले येऊन पुसतात, तशी सूचनाच लावलेली. उतरताना मी कठड्याखालून बोट फिरवलं. काळं झालं. फार बरं वाटलं.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना आम्ही हसतो, त्यांच्या डोक्यातलं पुणं अजून 1975 सालातच सायकल चालवतंय म्हणून. यापुढे हसणार नाही.

स्टेशनाचं काय सांगावं! रूळ जमिनीखाली न्यायचे म्हणून 2010 पासून खणताहेत, 2019 ला व्हायचं होतं, आणि अजून खणताहेत. जुन्या इमारतीतून फलाटापर्यंत चालता चालता नवरा रमला. त्याला अगदी घरच्यासारखं वाटलं. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 साली वेळेवर पोचल्या 62.5 टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर नव्हे, आणि रद्द झालेली गाडी हिशेबातच नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. मुंबई काहीतरी शिकेल अशी माझी अपेक्षा होती. शिकलं श्टुटगार्ट.

जुन्या पाकिटात दहा मार्कांची एक नोट उरली होती. तिच्यावर गणितज्ञ गाऊसचं चित्र, शेजारी त्याचा घंटेच्या आकाराचा आलेख, वर चक्क सूत्रही. मार्क जाऊन 2002 मध्ये युरोच्या नोटा आल्या, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्क अजूनही बदलून देते, मुदत नाही. दर ठरलेला: एका युरोला 1.95583 मार्क. बँकेतल्या बाईंनी नोट उलटीसुलटी करून पाच युरो अकरा सेंट हातावर ठेवले. नवरा मराठीत म्हणाला, "एवढी वर्षं ठेवली, व्याज नाही का देत? विचार की."

परतीच्या आदल्या रात्री अकरा वाजून गेले होते. रस्ता निर्मनुष्य, सिग्नल लाल. मी थांबले, म्हणून नवराही थांबला. मागून दोन मुलं आली, गप्पा मराठीत. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा आता पहिला नंबर आहे, तेव्हा नवल नको. माझ्या वेळी मराठी ऐकायची तर घरचं पत्र स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागे.

"काकू, चला की, कुणी नाहीये."

"अरे, लाल असताना ओलांडू नये. लहान मुलं बघत असतात."

"आत्ता? कुठली मुलं, काकू?"

ती पळत पलीकडे गेली आणि शेवटची गाडी पकडून दिसेनाशी झाली. आम्ही हिरवा झाल्यावर ओलांडला आणि टॅक्सी केली. सत्तावीस युरो झाले. ते मार्कांत किती होतात, एवढंच नवऱ्यानं विचारलं.