परीक्षार्थी सिस्टर

ओरत्तनाडूच्या एखाद्या तंजावरी मराठी घरात मुलगी ‘एनक्लेक्स’ला बसली, की घरातले बाकीचे सगळे पेशंट होतात. अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवून देणारी ही परीक्षा. वेळ पाच तास, प्रश्न ८५ ते १५०. औषधांचा अभ्यास चालू असतो तोवर घर शांत असतं. ‘पोषण आणि द्रवसंतुलन’ सुरू झालं, की पंगतीला बसणाऱ्याची खैर नाही.

ही सिस्टर ‘जेवलात का?’ विचारत नाही, ‘इनटेक किती?’ विचारते. पाठोपाठ आउटपुट, तेही पानावर. ताशी ३० मिलिलिटरच्या खाली गेलं तर डॉक्टरांना कळवायचं, हे तिला पाठ. शेजारच्या किडनीवाल्या अण्णांचं शहाळं ती फाटकातच अडवते: पोटॅशियम! नारळांच्या या मुलखात हा जवळजवळ राजद्रोहच. अर्धांगातून उठलेल्या आजोबांना ताठ बसवून ‘हनुवटी खाली, मग गिळा’ शिकवलंय. तेव्हापासून ते प्रत्येक घासाला होकार देताना दिसतात आणि नको असलेलं कारलंही त्यांच्या पानात पडतं.

पुस्तक अमेरिकेचं. त्यात जेली द्रवात धरायची, बर्फाचे तुकडे निम्मे. रसम द्रवात, हे ठरलं, पण रसम-भात? यावर दोन संध्याकाळी गेल्या. कप म्हणजे २४० मिलिलिटर, पण टंबलरचा पत्ता नाही. म्हणून तिने सगळे टंबलर मोजून बुडाला आकडे लिहिले. आता आकडा वाचायला टंबलर उलटा करावा लागतो आणि कॉफी थेट आउटपुटात जाते.

आजीला यात नवल वाटत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांचं मुक्तांबाळ छत्र याच गावातलं. रामेश्वराचे यात्रेकरू तिथे जेवत. राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला आपल्या छत्रांची रीत कळवली होती: मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलवायचं, आजारी वाटसरूला बरा होईपर्यंत औषध आणि मानवेल तेच अन्न द्यायचं. ‘पथ्य आम्हीही सांभाळलं गं,’ आजी म्हणते, ‘पण जेवणाऱ्याला चार पर्याय देऊन घाबरवलं नाही.’

मामा तेवढे हुशार निघाले. तिसऱ्या कॉफीला मामींनी डोळे वटारले, की ते वही पुढे करतात. ‘इनटेक कमी’ असा शेरा, खाली सिस्टरची सही.