लाईट गेली की भाई येतात

मालवणपासून देवबागपर्यंत पावसाळी वारं सुटलं की माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट जाते आणि परत आल्यावर कुणाच्या तरी घरचा कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवत बसतो. अशा वेळी बोलावणं नसतानाही जे येतात ते भाई. प्रत्येक वाडीत एक असतातच. शिक्षण वेगवेगळं, छत्री आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मात्र सारखा.

भाई आल्या आल्या कशालाही हात लावत नाहीत. कॅबिनेटला कान लावतात. "खट्-खट् येता?" येत नसेल तर जरा हिरमुसतात. तो आवाज म्हणजे हार्डडिस्कचं हेड अडखळतंय. मशीन तिथल्या तिथे बंद करून डिस्क मुंबईला पाठवायची, असं ते प्रतिष्ठेचं दुखणं. साध्या दुखण्याला कोऱ्या चहापलीकडे मान नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. "तौक्तेच्या आधीची काय नंतरची?" मे २०२१ च्या त्या वादळात खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात गेली, तेव्हापासून भाईंची कालगणना दोन भागांत आहे.

मग निरूपण. तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेते, हेड तिला न टेकता काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि वीज गेली तरी तबकडीच्या उरल्यासुरल्या फिरण्यातूनच वीज मिळवून ते बाजूला जाऊन बसतं. "म्हणजे डिस्क शाबूत. अर्धवट लिवलेलो हिशोब तेवढो बिघडता." हे सगळं खरं आहे. फक्त ते ऐकेपर्यंत दुसरा चहा होतो.

एका बाबतीत मात्र भाईंना मानलं पाहिजे. शहरातले शहाणे सरळ चेकडिस्क चालवतात आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आणखी पळवतात. भाई आधी जे वाचेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. "आधी माणसां भायर काढूची, कौलां मगे मोजूची." त्यानंतरच चेकडिस्क. नुसतं 'एफ' लावलं तर फायलींची नोंदवही दुरुस्त होते; 'आर' लावलं तर सगळी डिस्क वाचून खराब सेक्टर शोधले जातात, त्याला तासन् तास लागतात. भाई नेहमी 'आर'च लावतात. गजालीला वेळ मिळतो.

तारकर्लीच्या होमस्टेवाल्या काकींकडेही असंच चाललं होतं. बुकिंगच्या फायली निघाल्या होत्या, चाचणी सुरू होती. काकी म्हणाल्या, "इन्व्हर्टर आसा मां, मगे बंद कशाक पडता?"

भाई याच प्रश्नाची वाट बघत असावेत. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला 'यूपीएस' लिहिलेली बारीकशी कळ असते. ती लावली नसेल तर इन्व्हर्टर भार उचलायला जरा उशीर करतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो. भाईंनी कोळिष्टकं बाजूला सारून कळ फिरवली. "आता लाईट जांव दे, गमाचा पण नाय!"

आणि खात्री पटवायला त्यांनी मेन स्विच खाली ओढला. चाचणी ब्याण्णव टक्क्यांवर होती.

अंधारातून काकींचा आवाज आला, "भाई, बॅटरीत यंदा पाणी घालूक नाय हां."