परत येण्याचा दाखला

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायचा तर गिऱ्हाईक आधी त्याचं तोंड उघडतं. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे बघून वय ठरतं. मग चार पावलं चालवून खूर आणि खांदा बघायचा, शेपटीला हात लावून अंगात किती पाणी आहे ते बघायचं आणि शेवटी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा. परदेशी फिरायला निघालेल्या माणसाची तपासणी याहून फार निराळी नसते. तिथे दातांऐवजी बँकेचं स्टेटमेंट उघडतात, रुमालाच्या जागी काच असते, आणि सौदा फिसकटला तरी तोंड उघडून बघितल्याचे पैसे परत मिळत नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ही तोंडबघणी जून 2024 पासून 90 युरोंना पडते. बैल घेणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हा ओढेल का. व्हिसावाल्याची चिंता वेगळी: हा दावं तोडून इकडेच राहणार नाही ना? माझं म्हणणं असं की झाडून सगळ्या प्रवेश-नियमांच्या पोटात हा एकच प्रश्न बसलेला असतो, आणि त्याचं सगळ्यात भक्कम उत्तर जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याकडे असतं. फक्त ते लिहायला फॉर्मात रकाना नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 214 (बी) नावाचं एक कलम आहे. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय असं ते धरून चालतं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे आपण नुसते डिस्नेलँड बघायला निघालेलो असतो आणि कायद्याच्या लेखी बिऱ्हाड घेऊन दारात उभे असतो. युरोपवाले जरा मवाळ. मुदत संपण्याआधी माघारी जाण्याचा तुमचा इरादा आहे याबद्दल त्यांना रास्त शंका आली तर ते अर्ज नाकारतात. आता इरादा ही अशी वस्तू आहे की तिची झेरॉक्स निघत नाही. गंमत म्हणजे ज्या शेंगेनच्या नावाने हे चालतं ते लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव आहे. शेंगांशी त्याचा संबंध नाही; पीक द्राक्षांचं, आपल्या नारायणगावसारखं. फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दी तिथेच येऊन मिळतात. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, आणि आज 29 देश त्या गावाच्या नावाचा व्हिसा देतात. बेल्हेही रस्त्यांच्या तिठ्यावरचंच गाव. कल्याण-नगर रस्ता इथूनच जातो आणि जेजुरीचा रस्ता इथूनच फुटतो. तो करार आपल्याकडे झाला असता तर आज स्पेनचे लोक बेल्हे व्हिसासाठी रांगा लावून बसले असते. बोटीची तेवढी अडचण झाली असती. पिंपळगाव जोगाच्या कालव्याला आवर्तन सुटेपर्यंत सगळ्या मंत्र्यांना थांबावं लागलं असतं.

इरादा दिसत नाही म्हणून कागद मागतात, इथवर कुणाची तक्रार नाही. पण कागद कोणते? पगाराच्या पावत्या, आयकराची विवरणपत्रं, आणि मालकाचं पत्र, की या गृहस्थांची रजा मंजूर असून ते अमुक तारखेला कामावर रुजू होतील. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. पगार नाही, आणि मालक म्हणाल तर तो स्वतःच, किंवा खरं सांगायचं तर गोठ्यातली म्हैस; ती रजा मंजूर करत नाही आणि अंगठाही उठवत नाही. बँकेच्या खात्याची तऱ्हा आणखी निराळी. नोकरदाराच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला नळासारखी धार पडते, शेतकऱ्याचं खातं म्हणजे ओढा. दहा महिने कोरडा, आणि कांद्याची पट्टी झाली की एका दिवसात पूर. काचेपलीकडच्या माणसाला शिकवलेलं असतं की अचानक आलेला मोठा आकडा म्हणजे दाखवण्यापुरते उसने घेतलेले पैसे. तो पूर आळेफाट्याच्या मार्केटमधून आला हे सांगायला आडत्याची पट्टी जोडावी, तर ती मराठीत, बॉलपेनने लिहिलेली, आणि हमाली-तोलाई वजा जाता खाली उरलेला आकडा असा की अधिकाऱ्याला दुसरीच शंका यावी: एवढ्यात हा युरोप बघणार?

नावांचं तर विचारूच नका. आधारवर ताराबाई, बँकेत तारा, सातबाऱ्यावर तारामती. एका माउलीच्या तीन मूर्ती. जन्मतारखेचा घोळ त्याहून मजेदार. एका पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून ही तारीख टाकली, त्यामुळे गावातले वीस जण सहलीला निघाले की निम्म्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. युरोपातल्या अधिकाऱ्याला हे एखादं गूढ पंथाचं लक्षण वाटलं तर दोष त्याचा नाही. पुढे दहाही बोटांचे ठसे. आयुष्यभर कांदा काटून ज्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या आहेत, ज्याला रेशन दुकानातलं मशीन दर महिन्याला ओळख देत नाही, त्याला युरोपच्या मशीनने पहिल्या भेटीत ओळखावं ही अपेक्षा जरा जास्तच.

आता खरा पुरावा बघा. शेंगेन नियमात कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहायची मुभा आहे. जास्त राहू नका म्हणून घातलेली ही मर्यादा बेल्हे परिसरात वाचली की हसू येतं, कारण इथे अडचण नव्वदची नसून नऊची आहे. चैत्रात यात्रा, तिच्या तमाशाची सुपारी द्यायला त्याआधी नारायणगावात राहुट्यांवर जावं लागतं. मग कांद्याची काढणी, बराखी भरणं, आणि त्यातच लग्नं. जूनमध्ये पेरणी. पावसाळ्यात टोमॅटोचे तोडे, दिवसाआड. दिवाळी झाली की पुन्हा कांद्याची रोपं आणि लागण. यात कुठे फट दिसलीच तर लाइटचं वेळापत्रक ती बुजवतं. शेतीची थ्री फेज एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री. रात्रीची आली की बॅटरी आणि काठी घेऊन बिबट्याचा कानोसा घेत दारं धरायची. (बिबट्या बघायला लोक केनियापर्यंत जातात. आपल्याकडे तो गोठ्यापर्यंत येतो, आणि त्याला कसलाच व्हिसा लागत नाही.) सगळं वजा करून वर्षात उरतो पितृपंधरवडा. त्यात नवीन काही करायचं नसतं, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, अमावास्येला, आपल्याकडे भादवी पोळा. म्हणजे आयफेल टॉवर बघा, आल्प्स बघा, पण अमावास्येला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायला घरी हजर व्हा. याहून कडक परतीची अट कुठल्या वकिलातीने घातली आहे? म्हशीला ओळखीच्या हाताशिवाय पान्हा फुटत नाही, ही गोष्ट मालकाच्या रजापत्रापेक्षा मला तरी जास्त विश्वासाची वाटते.

यावर कुणी म्हणेल, परदेशात जाऊन तिकडेच गडप झालेली माणसं आहेतच की. नियम उगाच आले नाहीत. कबूल. पण गडप होतो तो, ज्याला इथे दावं नाही. त्याला गाळायला चाळणी हवी, फक्त चाळणीची भोकं पगाराच्या मापाची पाडली आहेत, आणि पगार ही जगातली सर्वांत सोपी सोडून देता येणारी वस्तू आहे. राजीनामा एका ओळीत लिहिता येतो. उभ्या पिकाचा राजीनामा कसा लिहिणार? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मग वारीला तीन आठवडे कसे जातात हो? तेव्हा म्हैस कोण पिळतं? प्रश्न बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. वारीला गेलेल्याची म्हैस भाऊबंद पिळतात, कारण वारी सगळ्या गावाला मंजूर असते, स्वित्झर्लंड नसतं. स्वित्झर्लंडला निघालेल्याच्या म्हशीला दोन वेळा पेंड घालताना शेजारी चार वेळा टोमणा मारणार. शिवाय वारी या शब्दातच जाऊन येणं आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी जाऊन दर वर्षी माघारी आलेल्या घराण्याचा इतिहास कुठल्याही बँक स्टेटमेंटपेक्षा लांब असतो. आणि जी भाषा उंबरा ओलांडताना ‘जातो’ म्हणू देत नाही, ‘येतो’च म्हणायला लावते, त्या भाषेच्या माणसाला परतीचा इरादा विचारणं म्हणजे वारकऱ्याला माळ कशाला घातलीस म्हणून विचारण्यासारखं आहे.

एवढी डोकेफोड कशाला, टूर कंपनीला पैसे द्या आणि मोकळे व्हा, असंही सांगतात. कंपनी फॉर्म भरते, फोटो योग्य मापाचे काढून घेते, 30,000 युरोंचा विमाही उतरवते. (शर्यतीच्या बैलालासुद्धा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, तेव्हा या अटीवर आपण रुसण्यात अर्थ नाही.) पण पिशवीत काय भरायचं ते घरातल्या बाईच्या हातात असतं, आणि तिथे कंपनीचं काही चालत नाही. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. मासवडीचा पेच त्याहून अवघड. जुन्नर-आंबेगावचा हा मानाचा पदार्थ पूर्ण शाकाहारी, नावात मात्र मास; आत तीळ, खोबरं, लसूण आणि खसखस. नावामुळे युरोपात अडायची, आणि नाव समजावून सांगावं तर खसखशीमुळे दुबईत, कारण अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. सिंगापूरला निघाल्यास आजींची मिशरीची डबीही दारातच काढून घ्यावी. तोंडात धरायच्या तंबाखूला तिथे बंदी आहे. हे आजींना कोण सांगणार, हा प्रश्न मी कंपनीवर सोडतो.

राहता राहिला तो शहाणा सल्ला: जिथे व्हिसाच लागत नाही तिथे जा. नेपाळला मतदार ओळखपत्रावर जाता येतं. थायलंडने 2024 मध्ये भारतीयांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय दार उघडलं, पुढे मे 2025 पासून आधी ऑनलाइन आगमनपत्र भरायला लावलं. असे नियम कांद्याच्या भावासारखे असतात, निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा बघावेत. उघड्या दाराचं कौतुक मात्र जुन्नरकरांना सांगू नये. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून इथे यायचा, आणि घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे त्यात जकात टाकली की प्रवेश मिळायचा, असं सांगतात. ना फोटो, ना मालकाचं पत्र. जुन्नरच्या लेण्यांत यवन म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांचे लेख आहेत: इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना भोजनमंडप. माझ्या लेखी हा या खटल्यातला सर्वांत जुना साक्षीपुरावा आहे. दोन रात्री-तीन दिवसांच्या सहलीवर आलेला माणूस खडकात टाकं खोदून देत नाही. ज्याचा पैसा ज्या मातीतल्या पाण्यात अडकला, तो माणूस त्या मातीचा. मग ज्याने विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय आणि शेततळ्याला कागद अंथरलाय, तो मोझेलच्या काठी का राहील? तिथे त्याचं एक घागरभर पाणीही अडलेलं नाही.

फिरण्याची सोय हा भाग मी शेवटी ठेवला, कारण तो सोपा आहे; निदान तिकडचा. खरा अवघड टप्पा बेल्हे ते विमानतळ. आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण. पावसाळ्यात घाटात दरड आली तर पासपोर्टावर कितीही व्हिसे असोत, हद्द तिथेच. पुण्याहून उडायचं तर चाकणची कोंडी. तिकडे गाडी चालवायची हौस असेल तर आरटीओकडून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, पण युरोपात बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते. उसाची ट्रॉली ओढताना रस्त्याच्या दोन्ही बाजू वापरायची सवय असलेल्याला ते जमेलही. पण शेंगेन गावात गाडीची गरजच नाही. लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही. आपल्या एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आणि बायांना अर्धं तिकीट, पण वयाचं आधार दाखवावं लागतं. तिथे काहीच दाखवावं लागत नाही. जन्मभर परत येण्याचे पुरावे गोळा केलेल्या माणसाला हे जरा चुकल्यासारखंच वाटायचं. तो सवयीने खिशातून आधार काढेल, आणि कंडक्टर दिसला नाही म्हणून हातात धरून बसेल. खिडकीतून मोझेलकाठचे मळे दिसतील, द्राक्षं काढणीला आलेली. क्रेटचा भाव काय, हे विचारायला त्याच्याकडे भाषा नसेल, पण वेलींची छाटणी आणि दोन ओळींमधलं अंतर बघून तो अंदाज बांधेल. परतीचं विमान तेवढं रविवारी उतरणारं बघून घ्यायला हवं. पोळ्याची नवी वेसण आणि गोंडे घ्यायचे असतात, आणि बाजार सोमवारी.