गावाची वेबसाईट कशी उभारावी : एक चिंतन

वेबसाईट उभारण्याआधी समिती उभारावी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन सल्लागार, खजिनदार (पैसे नसले तरी) आणि देवस्थानचे मानकरी पदसिद्ध. प्रत्यक्ष लिहिणारा एकच असतो. त्याला समितीत घेऊ नये. तो सभेत बसला तर लिहिणार कधी?

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे गावाने माणसांना विचारून विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या मालवणच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे, तेव्हा नोंदवायला कमी नाही : प्रवाळ, कासवं, कांदळवन, खाडीतल्या तिसऱ्या, रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) लागणारी मासळी. ही वही कपाटात असते आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते तालुक्याला गेलेले असतात. म्हणून ती साईटवर आणायची.

साईट स्टॅटिकच घ्यावी. इतर साईटी गिऱ्हाईक दारात आल्यावर डेटाबेस ढवळून पान तयार करतात. स्टॅटिक साईट म्हणजे घरगुती खानावळ : सकाळीच रांधलं, ताटं वाढून ठेवली, येईल त्याने बसावं. डेटाबेस नाही म्हणून तो कोसळत नाही. खर्च जवळपास नाही म्हणून टेंडर नाही, आणि टेंडर नाही म्हणून समितीचा उत्साह दुसऱ्या सभेपर्यंत टिकतो. अशी साईट बांधणारं यंत्र जेकिल (२००८) घ्यावं की ह्यूगो (२०१३) यावर वाद घालू नये. गावात वादाचे विषय पुरेसे आहेत. जागा गिटहब फुकट देतं, साईट एक जीबीच्या आत ठेवली की झालं.

कामाला जून-जुलै उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, समुद्रातल्या किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, माणसं मोकळी. फक्त वीजही मोकळी असते, वाटेल तेव्हा जाते. पण साईटला त्याचं काही नाही, ती परमुलखातल्या यंत्रावर असते. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मालवणात दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी साईट चालू राहते, बंद पडतं ते गाव.

आता प्रत्यक्ष नोंद. एक साधी मजकुराची फाईल करावी. जेकिलमध्ये तिचं नाव तारखेने सुरू होतं : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आकडे इंग्रजीच हवेत. कोणी अभिमानाने मराठी आकडे घातले तर जेकिल तक्रार करत नाही, ती नोंद अस्तित्वातच नसल्यासारखं वागतं. तिथीही चालत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, हे त्याला समजावण्याचा प्रयत्न करू नये. कौल होईपर्यंत थांबावं आणि मगच फाईल करावी.

फाईलच्या डोक्यावर तीन आडव्या रेघा, त्याखाली शीर्षक, तारीख, लेखक, पुन्हा तीन रेघा. इथे मराठी लेखकाची खरी परीक्षा आहे. आपल्याकडे शीर्षक म्हटलं की ‘रापण : एक चिंतन’, ‘बांगडा : एक शोध’. शीर्षकात दोन टिंबं आणि पुढे मोकळी जागा आली, आणि सगळं अवतरणचिन्हात नसलं, की ह्यूगो असेल तर बांधणी तिथल्या तिथे थांबते. या लेखाचं शीर्षकही नापास झालं असतं. मराठी समीक्षेला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते या यंत्राने करून दाखवलं आहे, तेव्हा अवतरणचिन्हं वापरून त्याच्या कामात अडथळा आणू नये असं माझं मत आहे.

वेळेचंही एक आहे. तांडेल पहाटे चार वाजता रापणीवरून ताजी नोंद पाठवतो. त्यावर आजची तारीख असते. पण टाइमझोन नेमून दिला नसेल तर बांधणीचं यंत्र ग्रिनिचच्या घड्याळाने चालतं. तिथे अजून कालचे साडेदहा वाजलेले असतात. आजची तारीख म्हणजे भविष्य, आणि भविष्यातल्या नोंदी जेकिल लपवून ठेवतं. साडेपाचनंतर कोणी पुन्हा बांधणी केली तरच ती दिसते. तोवर तांडेलाने तीनदा फोन केलेला असतो : “माझी नोंद खंय गेली?” त्याला ग्रिनिच समजावू नये. रेंज नाही म्हणावं; ते सगळ्यांना पटतं.

फोटो लहान करून द्यावेत. हे काम व्हॉट्सॲप न सांगता करतं, इतकं की मोरी आणि मुडदुसा या माशांतला फरक राहत नाही. रात्रभराच्या दशावताराचा व्हिडिओ अखंड चढवायचा आग्रह होईल. शंभर एमबीच्या वरची फाईल गिटहब घेतच नाही, तेव्हा नकाराचा वाईटपणा आपल्याकडे येत नाही. देवस्थानची पत्रिका डीटीपीवाल्याकडून येईल ती जुन्या श्रीलिपी फॉन्टात. ती चिकटवली की ‘श्री भराडीदेवी प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पुन्हा टंकावी. पानाचा पत्ता मात्र मराठीत ठेवू नये : नुसतं ‘मालवण’ कॉपी करून चिकटवलं की टक्केचिन्हांसकट पंचेचाळीस अक्षरांचं होतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं बँक खातं रिकामं करणारी लिंक आली.

कोणी नोंद पाठवली की ती थेट लागत नाही. आधी विनंती येते, कोणीतरी ती तपासून सामील करतं. तपासणाऱ्याला मासे ओळखता आले पाहिजेत असा नियम नाही. त्याला नाती ओळखता आली पाहिजेत.

कारण सगळं घोडं अडतं ते एकाच ओळीवर दोघांनी हात ठेवला की. समजा, रापणकरांची यादी आहे. एका चुलतभावाने आपल्या वडिलांचं नाव वर घातलं, दुसऱ्याने त्याच ओळीत आपल्या वडिलांचं. “आमचा नाव आधी येवक व्हया!” या सगळ्या बदलांचा हिशोब ठेवणारं गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, भांडणं फक्त कोडवरून होतात असा त्याचा समज असावा. गिट निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवतं, वर-खाली बाणांची रांग, मध्ये बरोबर-चिन्हांची रेघ, आणि गप्प बसतं. कोणी घाईत ते तसंच प्रसिद्ध केलं तर दोन्ही घराणी साईटवर राहतात, हा तोडगा वाईट नाही. फक्त ह्यूगो असेल तर बरोबर-चिन्हांच्या रेघेवरचा मजकूर मोठा मथळा होतो : एकाचे वडील ठळक, दुसऱ्याचे बारीक. मग प्रकरण पंचायतीत जातं. तिथून ते दिवाणी न्यायालयात जाऊ नये म्हणून दरवर्षी वरची ओळ खाली करावी. पाळी कोणाची हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

शेवटी डोमेन. जागा फुकट असली तरी नावाला दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि ओटीपी जातो डोंबिवलीतल्या चाकरमान्याच्या मोबाईलवर, कारण नाव घेतलं तेव्हा कार्ड फक्त त्याच्याकडे होतं. म्हणून नूतनीकरण मुदतीआधीच, गणपतीत करून घ्यावं, तेव्हा चाकरमानी घरी असतो. चतुर्थीला नको, आरती असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो पाण्यात उतरण्याआधी गाठावा, आणि फोन त्याच्या खिशात आहे याची आधी खात्री करावी.